ठेका आपल्याही नावावर लागावा
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांची मागणी होती, हे आपण जाणतो. सरकारी ठेक्यांची मागणीही त्यातच होती, ती मात्र आपण विसरलो. केंद्रीय बांधकाम खात्याच्या यादीत अकराशेहून जास्त ठेकेदार, अन् त्यात अस्पृश्य समाजाचा फक्त एक, हे त्यांनी आकड्यानिशी मांडले होते. आज ठेक्याचे नाव निघाले की आपण म्हणतो, "ते आपलं काम नाही भाऊ."

त्यानंतर सत्तर वर्षांनी, 2012 साली, केंद्र सरकारने आदेश काढला. केंद्राची खाती व सरकारी कंपन्या यांनी खरेदीचा ठराविक हिस्सा, आता तो 25 टक्के आहे, सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून, 3 टक्के महिलांकडून. निविदेचा फॉर्म फुकट, बयाण्याची रक्कम माफ. मोठ्या कंपनीचा दर सर्वांत कमी आला आणि आपला त्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आत असला, तर तोच दर मान्य करून आपल्याला वाटा मागता येतो. एवढे असून ते 4 टक्के कधी भरले नाहीत. साहेब म्हणतात, पुरवठादारच मिळत नाहीत. ही पळवाट आहे, पण ती बंद करायची तर यादीत नावे आपलीच पाहिजेत ना!

आपल्या जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगावचे आयुध कारखाने आहेत. 2021 पासून ते सरकारी कंपन्यांत गेले. रेल्वेचे भुसावळ मंडळ आहे. शिलाई, छपाई, लाकडी खोकी, साफसफाई ही कामे आपल्या घरात आहेत. मात्र हा आदेश माल व सेवेपुरता आहे. बांधकामाला नाही, आणि दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्यालाही नाही.

महापालिका, जिल्हा परिषद यांना राज्याचे नियम. तिथे लहान कामांत मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांचा वाटा राखण्याची पद्धत आहे. गवंडी, सेंट्रिंगवाले आपल्याकडे घरटी सापडतील, पण रोजावर. आणि कधी संस्था आपली, सही आपली, बिल मात्र तिसराच उचलतो. चार पैसे हातावर ठेवतो. काम खराब निघाले तर काळ्या यादीत नाव कोणाचे जाईल? तरुण अभियंत्यांनी हे मनावर घ्यावे. नाव भाड्याने देऊ नये.

बिल अडकते ही तक्रार खरी आहे. 2006 च्या कायद्याने माल किंवा सेवा दिल्यावर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण उद्यम नोंदणी माल देण्याआधी झालेली हवी, मागाहून करून भागत नाही.

ही नोंदणी फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. येत्या रविवारी सकाळी विहारात आपली पोरे संगणक घेऊन बसणार आहेत. आधार, पॅन, जातीचा दाखला आणा. आधारला जोडलेला मोबाईलही हवा, नंबर त्याच्यावरच येतो. तो मुलाकडे राहत असेल तर मुलालाच घेऊन या.