कागद उलटा करून बघा

(पहिल्या वर्षाच्या एका कला-विद्यार्थ्याची कामं वस्तीतल्या वाचनालयात मांडली, त्या वेळी केलेलं भाषण)



या भिंतीवर सुतळीला चिमटे लावून जे कागद टांगलेत, ते सुलटे बघून झाले असतील तर आता उलटे करून बघा. पुढच्या बाजूला मास्तरांनी दिलेले मार्क आहेत. मागच्या बाजूला पेन्सिलीनं चार-चार ओळी लिहिल्यात. ज्या पोरानं हे काम केलं, त्यानं प्रत्येक कागद कॉलेजातून परत मिळाल्यावर त्याच्या पाठीवर आपल्याला काय वाटलं ते टिपून ठेवलंय. मी चित्रकार नाही. गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. पण या कागदांच्या पाठीवर जे लिहिलंय ते हाताबद्दल आहे, आणि हाताबद्दल बोलायला मी कुणाची परवानगी घेत नाही.

माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोरगं कला महाविद्यालयात गेलं की पहिलं वर्ष फाउंडेशनचं. म्हणजे पाया. पुढं कुणी पेंटर होईल, कुणी शिल्पकार, कुणी जाहिरातीत जाईल, पण पहिल्या वर्षाचा अभ्यास सगळ्यांना सारखा. बिंदू, रेषा, आकार. बारा रंगांचं चक्र. पोत, ज्याला ते टेक्सचर म्हणतात. समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र. कागद कापून, दुमडून उभा केलेला आकार. अक्षरं, चिन्हं. पोरं चिडतात. चित्र काढायला आलो आणि हे ठिपके काढायला लावतात! आपलं पोरगंही चिडलं होतं. पहिल्याच कागदाच्या मागं लिहिलंय, तीनशे ठिपके काढले, आई म्हणाली, एवढे टाके गोधडीला घातले असतेस तर थंडीत कामाला आले असते.

आईचं खरं आहे. पण ठिपक्यांमागंही एक विचार आहे, तो समजून घेऊ.

१९१९ साली जर्मनीत वायमार गावात वॉल्टर ग्रोपियस नावाच्या आर्किटेक्टनं बाउहाउस ही शाळा काढली. देश नुकताच महायुद्ध हरलेला. त्या शाळेत योहानेस इटन या मास्तरानं सुरुवातीचा एक वर्ग चालू केला आणि तो सगळ्यांना सक्तीचा झाला. तोवर घोकलेलं बाजूला ठेवायचं. लाकूड, साल, लोकर, काच हातात घ्यायची, चाचपायची, मग कागदावर उतरवायची. कलावंत वरचा आणि कारागीर खालचा ही वाटणी मोडायची, असं त्या शाळेचं म्हणणं. आज जगभर पहिल्या वर्षाला जे शिकवतात त्यातलं पुष्कळसं तिथून निघालं.

हे ऐकल्यावर वाटतं, अरे, हे तर आपलंच म्हणणं! डोकं एकाला, हात दुसऱ्याला, आणि ज्याच्या वाट्याला हात आले त्याच्या हाताला विटाळ, हाच तर इथला हजारो वर्षांचा धंदा. लाहोरच्या मंडळानं सभा रद्द केली म्हणून जे भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतःच छापलं, त्यात त्यांनी हेच सोलून दाखवलं. जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणारी माणसंच तोडून एकावर एक रचते. मग हात आणि डोकं एकत्र आणणारा अभ्यास इथं आला तर पहिला फायदा कुणाचा व्हायला पाहिजे? आपल्या पोरांचा.

आता तो दुसरा कागद बघा. पोताचा.

वर्गात सांगितलं होतं, घरून वेगवेगळ्या पोताच्या वस्तू आणा, पुठ्ठ्यावर चिकटवा. कुणी मखमल आणली, कुणी लेस, कुणी पॉलिशपेपर. आपल्या पोरानं काय आणलं? गोणपाटाचा तुकडा. शिंदीच्या केरसुणीची काडी. आज्यानं वळलेल्या वाखाच्या दोराचा वीतभर तुकडा. फुटलेल्या हलगीचं कातडं. झिजलेल्या चपलेचा तळ. च्यायला, पोत म्हणजे काय ते दाखवायला याहून चांगला पुठ्ठा कुठला? दोराचा पीळ बघा, कसा डाव्या अंगानं चढत गेलाय. कातड्यावर जिथं टिपरू पडायचं तिथली चकाकी बघा. मास्तरांनी पुठ्ठा दोन बोटांत धरला आणि म्हणाले, वास येतोय, नीट साफ वस्तू आणायच्या. मार्क दहापैकी चार.

इटनच्या वर्गात जनावराची लोकर चालते. ती परदेशी पुस्तकात छापून येते, तिला कागदाचा वास येतो. हलगीच्या कातड्याला मात्र आमचा वास येतो. पोरानं मागं लिहिलंय की आज्याचा दोर गावातल्या प्रत्येक विहिरीत उतरायचा, आज्याला मात्र विहिरीवर चढू देत नव्हते. ही ओळ वाचली असती तर मास्तरांना कळलं असतं की पोत फक्त बोटाला लागत नाही.

मी त्या मास्तरांचं नाव घेणार नाही. असे मास्तर सगळीकडे भेटतात, नाव घेतलं तर बाकीचे सुटतील.

त्याच बाउहाउसातला दुसरा माणूस सांगतो. योझेफ आल्बर्स. घरं रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा पोरगा. १९२० साली विद्यार्थी म्हणून तिथं आला. सामान विकत घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा हा माणूस पाठीवर पिशवी आणि हातात हातोडा घेऊन वायमार गावच्या उकिरड्यावर जायचा, फुटक्या बाटल्यांच्या काचा गोळा करायचा आणि त्या जोडून चित्रं करायचा. शाळेनं आधी त्याला दुसऱ्या विभागात जा म्हणून दटावलं. मग त्याच्या काचा बघून काचेचा विभागच त्याच्या हाती दिला. १९२३ पासून तो पहिल्या वर्षाला शिकवायला लागला. पोरांपुढं काय ठेवायचा? जुनी वर्तमानपत्रं. म्हणायचा, यातून काहीतरी उभं करा, कागद वाया न घालवता.

देवनारच्या डम्पिंगवर वर्षानुवर्षं आपल्या आया, मावश्या काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळं करत आल्यात. नुसत्या बोटांनी चाचपून सांगतात, हे भंगारवाला घेईल, हे घेणार नाही. आल्बर्सच्या काचा म्युझियममध्ये आहेत. आमच्या मावशीच्या बोटांना धनुर्वाताचं इंजेक्शन मिळत नाही. मी आल्बर्सला दोष देत नाही. तो माणूस मला आवडतो. मी एवढंच विचारतो की उकिरड्यावर गेला म्हणून त्याच्या हाताची जात का ठरली नाही आणि आमची का ठरते?

याच आल्बर्सनं पुढं अमेरिकेत रंगांवर आयुष्य घातलं, १९६३ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यातला एक धडा आपल्या पोरानंही केलाय, तो तिकडं खिडकीशी टांगलाय. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन. एक काळ्यावर चिकटवलाय, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो, पांढऱ्यावरचा काळपट. डोळे फाडून बघितलं तरी तसंच. मधे बोट ठेवा, बाजूचे रंग झाका, मग कळतं की दोन्ही एकच. मी तिथं पाच मिनिटं उभा होतो. जन्मानंच हलका म्हणून ज्याला शिक्का मारला, त्याच्या बाजूला काय ठेवलं होतं ते तपासा, असं तो कागद सांगतो. हे शाळेच्या फळ्यावर शिकवायला पाहिजे.

आता लोटा. टेबलावर कापड, दोन संत्री आणि पितळेचा लोटा. चित्र झकास आहे. गोलाई, चकाकी, खालची सावली, सगळं जागच्या जागी. मार्कही चांगले पडलेत. मागं लिहिलंय की लोटा जरा फिरवून ठेव म्हणून सांगितलं तेव्हा हात क्षणभर थांबला. आजी गावात ओंजळ धरून वरून पडणारं पाणी प्यायची, ते आठवलं.

डिझाइनच्या जगात या लोट्याला फार मान आहे. भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन नवरा-बायको देशभर फिरले, १९५८ साली त्यांनी अहवाल लिहिला, आणि त्या वाटेनं १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी लोट्याची तोंडभर स्तुती केली. असा लोटा नव्यानं घडवायचा तर काय काय विचारात घ्यावं लागेल याची मोठी यादी दिली. पाणी किती मावावं, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, रिकामा असताना तोल कुठं, भरल्यावर कुठं, धार कशी पडेल, किंमत काय, आवाज कसा. धरणारा हात केवढा, किती ताकदीचा, बाईचा की पुरुषाचा, हेही विचारलंय. हात कुठल्या जातीचा, हे विचारलेलं नाही.

ते पाहुणे होते. पण आपल्याकडं ती यादी शिकवताना त्यात एक प्रश्न वाढवायला किती शाई लागते? १९२३ साली सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. तरी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं. लोकांची डोकी फुटली. मग तळं बाटलं म्हणून त्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या. त्या घागरींचा आकार सुंदरच असणार.

शेवटचा कागद माझ्या धंद्याचा आहे. चिन्हांचा. गोदीत पेट्यांवर चिन्हं असतात. पेला म्हणजे माल फुटणारा. छत्री म्हणजे भिजू देऊ नका. वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे ही बाजू वर. हुकावर फुली म्हणजे हूक लावू नका. कुठल्याही देशाचं जहाज येऊ दे, अक्षर कळलं नाही तरी ही चिन्हं कळतात. ही खरी चित्रकला, मजुराला वाचता येणारी. पण ती सगळी मालाच्या काळजीची. पेटी भिजू नये, पेटी फुटू नये. ती पेटी ज्याच्या पाठीवर चढते त्या पाठीवर कुठलंच चिन्ह नाही. पोराला वर्गात सांगितलं होतं, नवं चिन्ह तयार करा. त्यानं वाकलेल्या माणसाची पाठ काढली आणि पाठीवर तोच पेला, तीच छत्री, तीच हुकावरची फुली. शेजारी मॅनहोलात उतरणारा माणूस, त्याच्याही पाठीवर तेच. माणसाला हातानं मैला उचलायला लावू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी एक झाला, माणूस अजून उतरतोय आणि मरतोय. या कागदाला किती मार्क पडले ते मी सांगत नाही. हा कागद गोदीच्या फाटकावर लागला पाहिजे.

आता कामाचं बोलू. पहिल्या सहामाहीनंतर हे पोरगं कॉलेज सोडायचं म्हणत होतं. कागद महाग, रंग महाग, पुठ्ठा महाग, आणि वर ते दोन बोटांत धरणं. सोडायचं नाही, हे मी त्याला चारचौघांत सांगतो. बाउहाउस काही स्वर्ग नव्हता. बायका यायला लागल्या तेव्हा तिथल्या मास्तरांनी बहुतेकींना विणकामाच्या खोलीत लोटलं. त्या बायका रडत बसल्या नाहीत. त्यांनी मागावर असं काम केलं की पुढं गुंटा श्ट्योल्त्स्ल नावाची बाई त्या विभागाची प्रमुख झाली. आणि १९३३ साली शुद्ध रक्तवाल्या नाझींनी ती अख्खी शाळाच बंद पाडली. ज्यांना शुद्धता हवी असते त्यांना हातानं विचार करणारी माणसं चालत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आणि दुसरं. अन्याय झाला म्हणून कच्चं काम आपलं म्हणून खपवायचं नाही. रेषा वाकडी असेल तर वाकडीच म्हणायची. आपल्या नागपूरचा सवि सावरकर बडोद्याला छापचित्रण शिकला, आणि मगच गळ्यात मडकं बांधलेला, झाडू घेतलेला माणूस त्यानं असा छापला की बघणाऱ्याला नजर वळवता येत नाही. दुःख सगळ्यांकडं आहे. ते धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरायला शिकावं लागतं. तसंच, दर वेळी जखमच काढ म्हणणारे मास्तरही भेटतील, त्यांनाही भुलायचं नाही. संत्रं काढावंसं वाटलं तर संत्रं काढ. ते आपल्या बापाच्या मालकीचं नसलं तरी डोळा आपला आहे.

या वाचनालयात उद्यापासून एक फळी रिकामी करायची. प्रेसमध्ये काम करणाऱ्यांनी कात्रणं आणायची, दुकानातल्यांनी खोके, घरोघरची रद्दी इथं यायची. अर्ध्या पेन्सिली, उरलेले रंग, जुनी पट्टी, काहीही. महिन्याला जमेल तेवढे पैसे. वस्तीतल्या ज्या पोरीला, ज्या पोराला एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसायचंय, त्यांनी रविवारी इथं बसायचं, आणि या पोरानं त्यांना ठिपक्यापासून शिकवायचं. त्याची मजुरी म्हणून त्याचा कागद आपण भरायचा.

आणि जी पोरं इथं बसतील त्यांनी एक पाळायचं. कागदाच्या पुढं मास्तर मार्क देईल. मागची बाजू कोरी सोडायची नाही.

जय भीम!