शेतकऱ्याचा मोबाईल : हौस किती, भरवसा किती?

(चाकण परिसरातील शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात एकाच घरात कांद्याचे वावर आणि कंपनीची पाळी अशी दोन्ही कामे चालतात. दोन्हीकडे लागणारे एक अवजार म्हणजे स्मार्टफोन. तरुण मुलांना त्यात बदल करण्याची हौस असते. कोणी पडद्याची मांडणी बदलतो, तर कोणी मूळ कार्यप्रणालीच काढून दुसरी बसवतो. हौस वाईट नाही. मात्र ती कोणत्या फोनवर करावी, याचा विचार हवा.

फोनवर काय अवलंबून आहे?

पाषाण, पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्यापासून २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेचा इशारा देते. बॅटरी वाचवण्यासाठी या ॲपवर बंधन घातले किंवा ठिकाणाची परवानगी काढली, तर हा इशारा वेळेवर मिळेलच असे नाही. वावरात असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न आहे.

ई-पीक पाहणी २०२१ च्या खरिपापासून राज्यभर सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी फोन बंद पडला, तर सातबाऱ्यावरील पिकाची नोंद अडते आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. बँकेचा ओटीपीही याच फोनवर येतो.

बदलांचे तीन प्रकार

१) जरूर करावेत : अक्षरे मोठी करणे, भाषा व कळफलक मराठी ठेवणे, नको असलेली ॲप काढणे, रोजची चार-पाच ॲप समोर आणणे. हे बदल केव्हाही मागे घेता येतात.

२) जपून करावेत : पडद्याची मांडणी बदलणारी, बॅटरी वाचवणारी व ‘सफाई’ करणारी ॲप. अशी ॲप वापरल्यास दामिनी व बँकेचे ॲप त्यांच्या बंधनातून वगळावे.

३) रोजच्या फोनवर टाळावेत : बूटलोडरचे कुलूप उघडणे, रूट करणे, दुसरी कार्यप्रणाली बसवणे. कुलूप उघडताना फोनमधील सर्व माहिती साधारणपणे पुसली जाते. त्यानंतर बँकेची काही ॲप चालण्यास नकार देतात.

तिसऱ्या प्रकारात मागे कोण उभे आहे, हेही पाहावे. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये आलेला वनप्लस वन हा फोन सायनोजेनच्या कार्यप्रणालीवर चालत असे. त्या कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपली सेवा थांबवली. पुढे स्वयंसेवकांनी ‘लिनिएजओएस’ नावाने ते काम चालू ठेवले. ज्यांना निर्मात्याकडून सुधारणा मिळणे थांबले आहे, असे काही जुने फोन त्यावर पुन्हा कामाला येतात. म्हणून जुना, बाजूला पडलेला फोन मुलांना प्रयोगासाठी द्यावा. त्यातून ती शिकतील.

आधी दोन गुंठे

नवे वाण आले म्हणून आपण सगळे वावर त्याखाली घालत नाही. आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो. फोनलाही हाच नियम लावावा.

एवढे लक्षात ठेवावे

* व्हॉट्सॲपवर शासकीय योजनेच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडू नये. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे.
* बदल करण्यापूर्वी फोन नंबर, फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी.
* पेरणी, काढणी व ई-पीक पाहणीच्या दिवसांत फोनमध्ये मोठा बदल करू नये.
* घरात एक साधा बटणाचा फोन ठेवावा. कॉलवर चालणाऱ्या पंपाच्या स्टार्टरमध्ये त्याचाही नंबर नोंदवावा.
* शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक अशा साध्या फोनवरूनही लागतो.

घरातील एक फोन साधा, तपासलेला आणि चार्ज केलेला असावा. बाकीच्या फोनवर हौस खुशाल करावी.