चाकरमान्याचा कर आणि काजूची बाग

अंदाजपत्रक म्हटलें कीं सुशिक्षित गृहस्थाच्याही मनांत प्रथम आंकड्यांची भीति उभी राहते. वस्तुतः जिनें घरखर्चाची वही एक वर्ष नीट ठेवली आहे, त्या गृहिणीला त्यांतील मर्म निराळें शिकविण्याची गरज नाहीं. भेद एवढाच कीं, घरांत मिळवितो कोण व जेवतो कोण हें सर्वांस दिसतें; राज्याच्या पंक्तींत वाढणारा आणि जेवणारा परस्परांस ओळखतही नाहींत.

मालवणचा किनारा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा झाला. भातशेतीचे लहान तुकडे, जांभ्याचे उघडे सडे, मासेमारी आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर येथील संसार चाले. अशा मुलखाकडून तिजोरींत फारसें काय पडणार, असें वरवर वाटतें. परंतु मालवणचा माणूस गिरणगांवांत राबला, त्यानें तेथेंच साबण घेतला, आणि त्यावरील विक्रीकर मुंबईच्या नांवें जमा झाला. हात कोंकणचे, जमा मुंबईची! १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हां या नात्याची दुसरी बाजू दिसली. गिरणगांवांतील पगार थांबला आणि इकडे गांवच्या पोस्टांत मनिऑर्डरी विरळ झाल्या.

राज्याच्या जमेंतून पगार, निवृत्तिवेतनें आणि कर्जावरील व्याज हीं देणीं आधीं भागवावीं लागतात; तीं पुढें ढकलतां येत नाहींत. उरेल त्यांतून रस्ते, बंदरें, पाटबंधारे. जमा घटली कीं कात्री पडते ती या उरलेल्या भागावर. २०२० सालीं टाळेबंदीनें व्यापार बसला. घरांची खरेदी चालू राहावी म्हणून राज्यानें मुद्रांकशुल्कही कांहीं काळ उतरविलें. तिजोरी अशी ओढगस्तीची असतांनाच १६ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलें. होड्या फुटल्या, आंब्याचीं झाडें उन्मळलीं, विजेचे खांब आडवे झाले. वादळ कांहीं तिजोरीची सवड पाहून येत नाहीं.

म्हणूनच एखाद्या कामासाठीं वेगळा कर बसवून त्याची जमा बाजूस राखण्याची युक्ति निघते. महाराष्ट्रांत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसला, त्याच्या जोडीला मोटारी, विक्री, बागाइती जमीन इत्यादींवरील अधिक कर आले, आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनें आपल्या पदरची घालावी असें ठरलें. योजनेचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अंमलांत आला. व्यवसायकराची मर्यादा राज्यघटनेनेंच घातलेली आहे. पूर्वी ती वर्षास २५० रुपये होती, १९८८ सालीं २५०० झाली. नोकरदाराच्या पगारांतून दरमहा २०० आणि फेब्रुवारींत ३०० रुपये कापले जातात ते याच हिशेबानें.

मात्र दगड फोडण्याचीं व माती टाकण्याचीं कामें कोंकणाला मानवलीं नाहींत. येथील पाऊस निराळा. शिवाय धडधाकट पुरुष मुंबईस. १९९० सालीं फळबाग लागवड या योजनेशीं जोडली गेली, तेव्हां खरा पालट झाला. शेतकऱ्यानें आपल्याच वरकस जमिनींत खड्डे काढावे, कलमें लावावीं, आणि मजुरी व रोपांचा खर्च सरकारनें तीन वर्षांत द्यावा. झाडें जगलीं तरच पुढील हप्ता. ही शेवटची अट फार शहाणपणाची होती. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानें काढलेल्या काजूच्या जाती हाताशीं होत्या. जेथें पूर्वी गवत वाळे, त्या उतारांवर काजू आणि आंबा उभा राहिला.

यांत दोष नव्हता असें नाहीं. ज्याच्या नांवावर जमीन, त्यालाच बाग. कुळवाड्याच्या किंवा भूमिहीनाच्या वांट्याला आली ती चार दिवसांची मजुरी. हमी मजुराची होती, फळ मालकाला मिळालें, ही टीका खोटी म्हणतां येणार नाहीं. शिवाय कित्येक वर्षीं कर अधिक जमला व कामांवरील खर्च त्यामानानें कमी झाला. मग राखीव म्हणविलेली शिल्लक इतर गरजांच्या गर्दींत दिसेनाशी होई. कुलूप लावलेल्या डब्याची किल्ली घरधन्याच्याच कंबरेला असली म्हणजे असें व्हायचेंच.

तरीही गिरगांवांतील कारकुनानें बागेचा तो डोंगर कधीं पाहिलेला नाहीं, आणि बागवाल्यालाही त्या कारकुनाचें नांव ठाऊक नाहीं. फेब्रुवारीच्या पगारांतून तीनशें रुपये वजा होतात. मार्चच्या सुमारास मुंबईंत अंदाजपत्रकावर चर्चा झडते. आणि त्याच दिवसांत मालवणच्या उतारांवर काजूचीं बोंडें पिकून झाडाखालीं पडूं लागतात.