संगणक पूर्ववत् झाल्यानंतर



माहिती साठविणारा मध्यवर्ती संगणक, म्हणजे सर्व्हर, बिघडला व राखीव प्रतीवरून पूर्ववत् केला, की काम संपले असा समज होतो. परंतु प्रत ज्या दिवशी घेतली, त्या दिवसापर्यंतचीच माहिती परत येते. २०१५ साली राज्यात ‘सरल’ प्रणाली आली व विद्यार्थ्यांच्या नोंदी सर्व्हरवर गेल्या. सोलापूर जिल्ह्यात गाळपाच्या हंगामात ऊसतोडणी मजुरांची मुले वर्षाच्या मध्येच दाखल होतात. प्रत सोमवारची व प्रवेश बुधवारचा असेल, तर ते मूल यादीतून नाहीसे होते.

प्रणाली उघडतच नसेल, तर तंत्रज्ञ प्रथम सर्व्हरचे घड्याळ पाहतात. तारीख चुकली की सुरक्षिततेची प्रमाणपत्रे नाकारली जातात. मग जाळ्यावरील पत्ता तपासून, आधी माहितीकोश व नंतर त्यावरील प्रणाली, या क्रमाने सेवा सुरू करतात.

शिक्षकाने जनरल रजिस्टरमधील अलीकडच्या नोंदी पडद्यावरील यादीशी नावानिशी ताडून पाहाव्यात. केवळ पटसंख्या जुळली म्हणून थांबू नये. एक नवे नाव गळाले व शाळा सोडून गेलेले एक नाव परत आले, तरी बेरीज तीच राहते. तफावत आढळताच ती केंद्रप्रमुखांस लेखी कळवावी.