काय सोडायचं, काय धरून ठेवायचं

(रेडिओवरील भाषण)

सरकारनं संसदेत आरोग्यधोरणाचं समर्थन करणं ही आपल्या कानांना सवयीची गोष्ट आहे. विरोधी पक्ष आरोप करतो, मंत्री उठून आकडे वाचतात, बाकं वाजतात आणि कामकाज पुढे सरकतं. आज मी अशा एका चर्चेबद्दल बोलणार आहे, जिथे ठराव खुद्द मंत्र्यांनीच मांडला होता, आणि सभागृहातल्या विरोधकांपेक्षा सभागृहाबाहेरचा विरोध त्यांना जड जाणार होता. तारीख 9 फेब्रुवारी 1948. स्थळ लंडन, हाउस ऑफ कॉमन्स. मंत्री अनायरिन बेव्हन, ॲटलींच्या मजूर सरकारातले आरोग्यमंत्री.

राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा 1946 सालीच मंजूर झाला होता. सेवा सुरू व्हायची तारीख ठरली होती 5 जुलै 1948. हातात पाच महिने उरले होते आणि ज्यांच्या जोरावर ही सेवा चालायची, ते डॉक्टरच तयार नव्हते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं आपल्या सदस्यांचं मत मागवलं होतं. निकाल काय लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तो लागला तेव्हा सुमारे 40 हजार डॉक्टर विरोधात होते आणि बाजूनं पाच हजारसुद्धा नव्हते.

हे भांडण समजायला थोडं मागे जावं लागेल. लॉइड जॉर्ज यांनी 1911 साली कामगारांसाठी आरोग्य विमा आणला होता. मर्यादित मिळकतीच्या कामगाराला त्यातून डॉक्टर मिळायचा. त्याच्या बायकोला आणि मुलांना मात्र नाही. घरातला कमावता माणूस आजारी पडला तर उपचार होत. बाकीच्यांचं दुखणं अंगावर काढलं जाई, कारण डॉक्टरचं बिल कोण भरणार? रुग्णालयं दोन तऱ्हेची होती. काही नगरपालिकांची, काही धर्मादाय देणग्यांवर चालणारी. धर्मादाय रुग्णालयांतली कित्येक इतकी लहान, की तिथे धड शस्त्रक्रियेची सोय नसे.

बेव्हन यांना हे अहवाल वाचून कळलेलं नव्हतं. ते दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावातले. तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरले. लहानपणी बोलताना अडखळायचे. पुढे त्यांची गणना कॉमन्समधल्या पहिल्या प्रतीच्या वक्त्यांत झाली. वडील गेले ते खाणीतल्या धुळीनं जडलेल्या फुप्फुसाच्या आजारानं. त्याच ट्रेडेगरमध्ये कामगारांची एक वैद्यकीय मदत संस्था होती. प्रत्येकानं पगारातून थोडी वर्गणी द्यायची आणि त्या पैशातून सगळ्या कुटुंबांसाठी डॉक्टर, परिचारिका, औषधं यांची सोय व्हायची. एका गावाला जे जमलं ते देशाला का जमू नये, हा बेव्हन यांचा साधा सवाल होता.

1946 च्या एप्रिलमध्ये विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाला त्यांनी जे भाषण केलं, त्यात भावनेला हात घालणारे प्रसंग फारसे नाहीत. विषय होता रुग्णालयांच्या कारभाराचा. परिचारिकांनी आपलं काम सोडून रस्त्यावर डबे घेऊन रुग्णालयासाठी पैसे गोळा करावेत, याची त्यांना शिसारी यायची, ते त्यांनी सांगितलं. छोट्या रुग्णालयात आपुलकी असते, असं विरोधक म्हणत. त्यावर बेव्हन यांचं उत्तर असं, की लहान रुग्णालयात प्रेमाच्या उमाळ्यात मरण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयाच्या थंड पण चोख कारभारात जगलेलं मला जास्त आवडेल. चर्चिल यांच्या हुजूर पक्षानं विरोधात मतदान केलं. 359 विरुद्ध 172 मतांनी विधेयक पुढे गेलं. रुग्णालयं सरकारनं ताब्यात घ्यावीत, याला खुद्द मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांचाही विरोध होता. लंडनच्या नगरशासनानं उभी केलेली रुग्णालयं त्यांना सोडवत नव्हती. घरातली ही लढाई बेव्हन आधीच जिंकून आले होते.

डॉक्टरांचा राग दोन गोष्टींवर होता. एक, सरकार आपल्याला पगारी नोकर करून टाकेल ही भीती. दुसरी गोष्ट दवाखान्यांच्या विक्रीची. तिकडे निवृत्त होणारा फॅमिली डॉक्टर आपली प्रॅक्टिस रुग्णांसकट नव्या डॉक्टरला विकायचा. आपल्याकडे मुंबईत जागेची पागडी घेतात ना, तशीच ही गिऱ्हाइकांची पागडी म्हणा. तरुण डॉक्टर कर्ज काढून ती भरायचा आणि फेडण्यात त्याची उमेदीची वर्षं जायची. बेव्हन यांच्या मते ही माणसांचीच खरेदी-विक्री होती. कायद्यानं ती बंद केली, पण भरपाई म्हणून 6 कोटी 60 लाख पौंडांची तरतूदही केली.

आता 9 फेब्रुवारीच्या चर्चेकडे येऊ. बेव्हन यांच्या ठरावात म्हटलं होतं, की ही सेवा 5 जुलैला सुरू होते आहे याचं सभागृह स्वागत करतं आणि डॉक्टरांना देऊ केलेल्या अटी उदार असून त्यांच्या स्वातंत्र्याला आणि प्रतिष्ठेला साजेशा आहेत. डावपेच चतुर होता. देशानं निवडून दिलेल्या संसदेनं केलेला कायदा एखादी व्यावसायिक संघटना मतपत्रिका वाटून रद्द करू शकते का, हा मुद्दा त्यांनी ऐरणीवर आणला.

भाषण मवाळ नव्हतं. डॉक्टरांच्या मूठभर पुढाऱ्यांवर त्यांनी तिखट शब्दांत हल्ला चढवला. मध्येच चिमटाही काढला. आधीचे एक आरोग्यमंत्री नॅशनल लिबरल होते आणि स्कॉटलंडच्या मतदारसंघातून आलेले. संघटनेचं त्यांच्याशी पटलं नाही. दुसरे हुजूर पक्षाचे, इंग्लंडमधले, त्यांच्याशीही बिनसलं. आता मी, वेल्समधला समाजवादी, म्हणजे तर विचारायलाच नको! मग आडमुठेपणा तेवढा माझ्याच अंगी कसा, असा त्यांचा सूर होता. मतदान झालं. 337 बाजूनं, 178 विरोधात.

इथपर्यंत ही कथा एका हट्टी मंत्र्याची वाटेल. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी, 7 एप्रिलला, तेच बेव्हन सभागृहात उभे राहिले आणि म्हणाले, की डॉक्टरांना पूर्णवेळ पगारी नोकर करता येणार नाही अशी तरतूद आम्ही कायद्यातच करू. ही वाट सुचवली होती रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरान यांनी, जे चर्चिल यांचे डॉक्टर होते. मोठ्या तज्ज्ञांना खासगी प्रॅक्टिसची मुभा तर आधीच मिळाली होती, आणि सरकारी रुग्णालयांत पैसे भरून मिळणाऱ्या काही खाटाही. समाजवाद्यांना हे पचणारं नव्हतं. बेव्हन यांनी ते पचवलं. मे महिन्यात संघटनेनं पुन्हा मत घेतलं. बहुमत अजूनही विरोधातच होतं, पण विरोधाची धार गेली होती. संघटनेनं डॉक्टरांना सेवेत जायला सांगितलं. संघटनेचे सचिव होते चार्ल्स हिल. हेच हिल युद्धकाळात बीबीसीवर ‘रेडिओ डॉक्टर’ म्हणून घरोघरी पोचले होते. आपल्यासारख्या रेडिओवर बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं: लोकांचा लाडका आवाज दर वेळी लोकांच्या बाजूनंच असेल असं नाही.

5 जुलैला इंग्लंड आणि वेल्समधली 2,688 रुग्णालयं सरकारी झाली. चष्मा आणि दातांची कवळी यांसाठी इतकी गर्दी झाली, की अंदाजपत्रकं कोलमडली. वर्षानुवर्षं धूसर बघणारी आणि हिरड्यांनी चावणारी माणसं एकदम दारात आली होती.

बेव्हन यांनी काय दिलं, ते आपण पाहिलं. काय दिलं नाही, ते आता मोजू. सेवा सगळ्यांसाठी, ही अट सोडली नाही. खर्च मुख्यतः करांतून, हे सोडलं नाही. उपचाराच्या वेळी पैसे मागायचे नाहीत, हा आग्रहही धरून ठेवला. 1951 साली कोरियातल्या युद्धामुळे लष्करी खर्च वाढला आणि अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांच्या किमतीचा साधारण निम्मा भाग रुग्णाकडून घ्यायचं ठरवलं. त्या वर्षी वाचणार होते 1 कोटी 30 लाख पौंड. बेव्हन यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांना कोट्यवधी देणारा मंत्री रुग्णाकडून चष्म्या-कवळीचे पैसे घ्यायला तयार झाला नाही. वरवर हा विक्षिप्तपणा वाटतो. पण त्यांच्या हिशेबात पहिला पैसा साधन होता, दुसरा पैसा तत्त्व.

गंमत अशी, की ज्यांनी विरोधात मतं दिली होती त्यांनीच पुढे ही सेवा सांभाळली. 1951 मध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारनं औषधाच्या चिठ्ठीवर शुल्क लावलं, पण सेवा मोडली नाही. उधळपट्टी शोधायला 1953 साली गिल्बो समिती नेमली. 1956 साली समितीनं सांगितलं, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत आरोग्य सेवेवरचा खर्च उलट कमी झाला आहे. औषधावरचं शुल्क इंग्लंडमध्ये आजही आहे. बेव्हन यांच्या वेल्सनं ते 2007 साली काढून टाकलं. आणि वेल्सच्या त्याच खाणगावांत पुढे कित्येक वर्षं लोकांची नाडी पाहिली, ती मोठ्या प्रमाणावर भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी.

1946 साल आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी भोर समितीनं भारतासाठी अहवाल दिला आणि पैशाअभावी कोणी उपचारांवाचून राहू नये असं म्हटलं. पुढे आपल्या घटनेनं सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा विषय राज्यांकडे दिला. आता परळचं केईएम महापालिकेचं, भायखळ्याचं जे.जे. राज्याचं, आणि योजना कधी दिल्लीची, कधी मुंबईची. लेखी उत्तरात एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायला भरपूर वाव असतो. बेव्हन यांना ती सोय नव्हती. रुग्णालयं मंत्र्याच्या अखत्यारीत आल्यावर, कुठल्याही गावचा खासदार उठून आपल्या रुग्णालयाबद्दल विचारू शकत होता आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागे.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या अधिवेशनात आरोग्यमंत्री बोलायला उभे राहतील, तेव्हा किती कोटींची तरतूद झाली एवढंच ऐकू नका. या योजनेतून कोण वगळलं गेलं, रुग्णाच्या खिशातून किती जातात, आणि पैसा कमी पडला तर सरकार सगळ्यात शेवटी काय सोडेल, हे ऐका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाषणात नसेल, तर आपल्या आमदाराला, खासदाराला ते विचारायला लावा.