पावती फाडायची कोणी?



संमेलनाध्यक्षाला एकदाच बोलायला मिळतं. पुढच्या वर्षी मला कोणी चहालाही विचारणार नाही. म्हणून आज बोलून घेतो.

आपल्या कामगार साहित्यात संप आहे, लाठीमार आहे, लाल बावटा आहे. वर्गणी नाही. खजिनदार आलाच तर अफरातफर करायला येतो. आपल्यातच गाजलेल्या एका कादंबरीचा नायक तर पावती फाडायला नकार देतो आणि तेवढ्यावर स्वाभिमानी ठरतो. नाव घेत नाही. लेखक पहिल्या रांगेत आहेत, मघापासून मोबाइल बघताहेत. या नायकाने पुढे युनियनच्या करारातली पगारवाढ घेतली की परत केली, हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. मी दोनदा शोधलं.

पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत 300. कोणी विचारतं तुम्हाला? कामगार कल्याण निधी कापतात, तेव्हा कोणाचं स्वातंत्र्य धोक्यात येतं? युनियनची वर्गणी कापायची म्हटली की मात्र लेखी संमती लागते आणि लगेच घटना आठवते! जुन्या कायद्याने ठरवलेली किमान वर्गणी किती होती, तर कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला 12 रुपये. उलट 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं 18(3) कलम काय सांगत होतं? तडजोड अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्यांना लागू. पावती फाडणाऱ्याला, न फाडणाऱ्याला, उद्या लागणाऱ्यालाही. फायदा सक्तीचा, वर्गणी ऐच्छिक.

मी एका कारखान्यात युनियनचा खजिनदार होतो. पगाराच्या दिवशी गेटवर पावतीपुस्तक घेऊन उभा राहायचो. कार्बन झिजलेला, खालची प्रत वाचायला येत नसे, म्हणून आकडा दाबून लिहायचा. पावसाळ्यात पुस्तक सदऱ्याच्या आत. आमच्या टूलरूममधला एक कारागीर, हाताला सोनं असलेला, त्या दिवशी हमखास सायकल स्टँडच्या मागच्या बाजूने निघून जायचा. करार झाला, तेव्हा नोटीस बोर्डापुढे पहिला तोच. ‘फरक कधी मिळणार?’ मी त्याला तारीख सांगितली. काय करणार? ती जुनी पावतीपुस्तकं कुठल्या ग्रंथालयाने जपली आहेत का? आमच्या सभागृहांत नेत्यांची तैलचित्रं आहेत. पुस्तकं रद्दीत गेली. कामगार चळवळीचा इतिहास लिहायचा तर तीच खरी कागदपत्रं, आणि संशोधकांना हवी असतात भाषणं.

असो. सभासदत्व सक्तीचं करा, असं मी म्हणत नाही. ती गळचेपी गिरणगावाने भोगली आहे. मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात चौथा हिस्सा सभासद दाखवले की प्रातिनिधिक युनियनचा शिक्का मिळे. बाकीच्यांनी तोंड मिटायचं. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा हा कायदा रद्द करा हीही मागणी होती. आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के सभासदांची अट आली आहे. पण टक्के मोजणार कसे? हजेरीपटावर मॅनेजमेंटच्या डोळ्यांदेखत हात वर करून?

गुप्त मतदान घ्या. जी युनियन निवडून येईल तिच्या कराराचा लाभ घेणाऱ्या प्रत्येकाकडून वाटाघाटीचा खर्च कापा. हिशेब मात्र दरवर्षी गेटवर लावा. न लावणाऱ्या युनियनची कपात बंद. सभासद होऊ नका, विरोधात मत द्या, आम्हाला शिव्या द्या, पैसे द्या.

काही विद्वान असभासदांकडून अशी फी कापायला मनाई करणारा अमेरिकेतला 2018 चा जानुस निकाल तोंडावर फेकतात. तो सरकारी नोकरांपुरता होता, आणि तिथे निदान चाळीस वर्षं अशी फी वसूल तर होत होती! आपल्याकडे पंगतच बसली नाही आणि हे उष्टी काढायला निघाले.

वाटाघाटीचा खर्च कापण्याचा हा ठराव काल विषय नियामक समितीने ‘साहित्यबाह्य’ म्हणून बाजूला ठेवला. मंडपाच्या भाड्यावर त्याच समितीने दीड तास साहित्यचर्चा केली. तेव्हा मी तो इथूनच मांडतो. सूचक अध्यक्ष. अनुमोदक हवा आहे. पहिल्या रांगेतून कोणी उठतं का बघू. नाही तर मागच्या रांगांनो, हात वर करा.