दुसऱ्या भागाची ओढ

रहस्यकथेचं वेड मराठी माणसाला नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंझार आणि काळापहाड लोकांनी वाचनालयांतून भाड्याने आणून एका बैठकीत संपवले. पण झुंझार पुढच्या पुस्तकात भेटायचा तो पुन्हा ताजातवाना. आधीच्या कुठल्याही रात्रीचं ओझं त्याच्या अंगावर नसायचं. त्यातही मजा होती, मी ती भरपूर घेतली आहे. पण दुसरा भाग म्हणजे ते नव्हे.

दुसरा भाग काय असतो, ते आपल्या शेजारच्या गोव्यात घडणाऱ्या ‘दृश्यम’ने दाखवलं. मूळ कथा जीतू जोसेफ यांची, मल्याळम. २०१५ मध्ये ती हिंदीत आणली ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामतांनी. विजय साळगावकर, चौथी नापास, केबलचा धंदा करणारा बाप. खून कोणाच्या हातून झाला हे आपण पाहिलंच होतं. प्रेत नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली आहे, हेही शेवटी कळलं होतं. सांगायचं काहीच राहिलं नव्हतं. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिषेक पाठक यांचा दुसरा भाग आला आणि थिएटरं भरली. दुर्दैवाने ते पाहायला कामत नव्हते. २०२० मध्येच ते गेले.

लोक कशासाठी आले? तुमच्यातले जे कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम करतात त्यांना हे चटकन उमजेल. फायनल इन्स्पेक्शनमधून पास होऊन गेलेला पार्ट काही महिन्यांनी कस्टमरकडून परत येतो, तेव्हा नुसता पार्ट येत नाही. त्या दिवशीची शिफ्ट, मशीन, सही करणारा हात, सगळं परत उघडतं. विजय पहिल्या भागात पास झाला होता.

गोष्टीत सात वर्षं गेली होती आणि आपलीही सातच. विजय आता थिएटरचा मालक आहे. ज्या गावाने त्याच्या बाजूने पोलिसांना तोंड दिलं, तेच गाव त्याची भरभराट पाहून कुजबुजायला लागलंय. थोरल्या मुलीला, अंजूला, फिट येतात. शेजारचं जोडपं खरं कोण आहे, हे कळतं तेव्हा काळजाचा ठोका चुकतो. आणि मेलेल्या मुलाचा बाप विजयकडे शिक्षा मागत नाही, पोराच्या अस्थी मागतो. मला विचाराल तर सगळा चित्रपट त्या मागणीवर उभा आहे. पहिल्या भागात आपण बिनदिक्कत विजयच्या बाजूने होतो, कारण त्या पोराने अंजूचा चोरून व्हिडिओ काढला होता, धमक्या दिल्या होत्या. दुसऱ्या भागातही आपण विजयच्याच बाजूने राहतो, पण त्या बापाकडे पाहताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं. विजय सुटावा असंही वाटतं आणि त्या आईबापांना मूठभर राख मिळावी असंही. दोन्ही एकाच वेळी. हे पहिल्या भागाला जमणं शक्यच नव्हतं; त्याला मधली वर्षं जावी लागतात.

शेवट सांगत नाही. पहिल्या रांगेतल्या दोघांनी अजून पाहिलेला नाही, असं मला आत्ताच कळलंय.

तिसऱ्या भागाची चर्चा आहेच. विजय पोलिसांना पुन्हा कसा चकवतो यात मला आता फारसा रस नाही. खुनाच्या त्या रात्री ज्या पोरीच्या हातात लोखंडी रॉड होता, ती अंजू आज कशी जगते, ते मला पाहायचंय.